कार्डावरच्या दोन तारखा: ट्रक चालवायला नेमकं काय लागतं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची गाडी भरून उभी होती. काटा झाला होता, ताडपत्री आवळून झाली होती, बिल्टी, म्हणजे मालासोबत जाणारी पावती, तेवढी फाडायची राहिली होती. नेहमीप्रमाणे मी ड्रायव्हरकडे लायसन मागितलं. पंचविशीतला पोरगा, गाडीवर चांगला हात बसलेला. कार्ड पुढे करून म्हणाला, "काका, २०३९ पर्यंत हाय की, बघा." त्यानं बोट ठेवलेली तारीख खरीच २०३९ ची होती. पण तिच्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एनटी’ होतं, म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट. त्याच कार्डावर ‘टीआर’समोर, म्हणजे ट्रान्सपोर्टसमोर, दुसरी तारीख होती आणि ती उलटून चार महिने झाले होते. कार किंवा मोटारसायकल चालवायला त्याला २०३९ पर्यंत कुणी अडवणार नव्हतं. दहा चाकी ट्रकसाठी मात्र त्या दिवशी तो बिनलायसनचा होता. गाडी दुसऱ्यानं नेली. त्याची फेरी गेली, भत्ता गेला, आणि चार महिने आपण काय जोखीम घेऊन फिरत होतो हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात कागद बघतो. गाडी उत्तम चालवणारी माणसं स्वतःचं कार्ड वाचत नाहीत, हे रोज दिसतं. त्यात त्यांचा दोष कमी आहे. नियम वेगवेगळ्या कलमांत विखुरलेले आहेत, ते बदलतही गेले आहेत, आणि समजावून सांगायला कुणी बसत नाही. म्हणून हे लिहितोय, हेवी लायसन काढायला निघालेल्या पोरांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि एक-दोन गाड्या असलेल्या मालकांसाठी.

चाकं मोजू नका, पासिंग बघा

ट्रक म्हटला की हेवी लायसन, टेम्पो म्हटला की साधं, असं आपण बोलतो. कायदा तसं बघत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्यात सगळं ठरतं ते गाडीच्या एकूण मंजूर वजनावर. रिकाम्या गाडीचं वजन अधिक तिच्यात भरायला परवानगी असलेला जास्तीत जास्त माल, ही बेरीज म्हणजे एकूण वजन. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ते ‘जीव्हीडब्ल्यू’ म्हणून छापलेलं असतं. आपल्याकडे त्यालाच पासिंग म्हणतात, "गाडी किती टनाची पासिंग हाय?" असं.

७,५०० किलोपर्यंतची गाडी हलकी. त्यावर १२,००० किलोपर्यंत मध्यम मालवाहू. १२,००० च्या वर जड. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, जुनी ४०७ या हलक्यात बसतात. दहा चाकी ट्रकचं पासिंग २८.५ टन, २०१८ साली अ‍ॅक्सलचं वजन वाढवून मिळालं त्याआधी ते २५ टन होतं. घोटाळा होतो तो मधल्या गाड्यांत. ‘आयशर’ म्हणून आपण ज्या गाड्यांना हाक मारतो त्यांतल्या काही साडेसात टनांच्या आत आहेत, काही बाहेर. बाहेरून दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून आरसी उघडून आकडा वाचायचा.

आणखी एक गैरसमज. "गाडी रिकामीच तर गॅरेजला नेतोय," म्हणून लोक कुणाच्याही हातात स्टिअरिंग देतात. त्या क्षणी गाडीत किती माल आहे याला इथे काही अर्थ नाही. आरसीवर २८.५ टन असेल तर ती रिकामी असतानाही जडच.

पूर्वी लायसनवर मध्यम मालवाहू, जड मालवाहू, मध्यम प्रवासी, जड प्रवासी असे वेगळे प्रकार होते. १९९४ च्या दुरुस्तीनं ते काढून त्या जागी ‘परिवहन वाहन’ असा एकच प्रकार आला. म्हणून कार्डावर बहुतेक वेळा ‘ट्रान्स’ अशी नोंद दिसते. बोलताना आपण अजून हेवी म्हणतो. त्यात बिघडत नाही, फक्त ती नोंद कार्डावर आहे का आणि तिची तारीख जिवंत आहे का, एवढं बघायचं.

कारच्या लायसनवर टेम्पो चालतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि त्यापायी कित्येक घरं वर्षानुवर्षं कोर्टात अडकली. समजा, भाजीवाल्याची पिकअप आहे, ड्रायव्हरकडे एलएमव्ही म्हणजे कारचं लायसन आहे, आणि अपघात झाला. विमा कंपनी म्हणायची, ही पिवळ्या नंबरप्लेटची गाडी, ट्रान्सपोर्टची नोंद नव्हती, आम्ही पैसे देणार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं की साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी ही हलकं वाहनच आहे, तिला वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्यांनी पुन्हा दाद मागितली. मग प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांनी एकमतानं तोच निकाल कायम केला. एलएमव्ही लायसन असेल तर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. ट्रान्सपोर्टच्या लायसनसाठी कायद्यानं ज्या जादा अटी घातल्या आहेत त्या त्या वजनावरच्या मध्यम आणि जड गाड्यांसाठी, हेही पीठानं स्पष्ट केलं.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. गावोगाव छोट्या टेम्पोवर पोट भरणारी लाखो माणसं त्यानं बिनघोर झाली. पण त्याचा अर्थ ताणू नका. आकडा ७,५०१ झाला की तो तुमच्या बाजूनं राहत नाही. आणि गॅस, अ‍ॅसिड, पेट्रोलसारखा धोकादायक माल असेल तर त्याचे नियम वेगळे, ते पुढे सांगतो.

मालकांनी इथे कान देऊन ऐकावं. ड्रायव्हरकडे त्या गाडीचं वैध लायसन नसलं तरी अपघातात बळी पडलेल्या तिऱ्हाईताला विमा कंपनीनं आधी भरपाई द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची, असा आदेश न्यायालयं देऊ शकतात. स्वर्णसिंग खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं ही वाट घालून दिली. मालकानं लायसन नीट तपासलं होतं की डोळेझाक केली होती, हेही त्यात बघितलं जातं. आधीच हप्त्यावर घेतलेली गाडी, त्यावर लाखोंची वसुली. ट्रक विकून भागत नाही, मग शेत जातं. त्यापुढे दंड किरकोळ वाटावा, पण तोही आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनलायसन चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि गाडी हातात देणाऱ्या मालकालाही तेवढंच.

अठरा ते वीस

अठराव्या वर्षी कारचं लायसन मिळतं. परिवहन वाहनासाठी वय वीस पूर्ण लागतं, आणि ट्रान्सपोर्टचं कच्चं लायसन मिळायच्या आधी कारचं पक्कं लायसन हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. दोन्ही अटी पाळाव्या लागतात. घरात पोराला ट्रकवरच जायचं असेल तर अठरा लागताच कारचं लायसन काढून ठेवा. मी असे पोरगे बघितलेत जे बाविसाव्या वर्षी येतात, गाडी लहानपणापासून येते, पण कारचं लायसन कधी काढलंच नाही. मग आणखी वर्षभर थांबायचं.

कच्चं लायसन सहा महिने चालतं आणि ते मिळून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर भरायचा, परीक्षा आरटीओत, ज्या प्रकारचं लायसन हवं त्या प्रकारच्या गाडीवर. डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, त्याला नमुना १-अ म्हणतात. त्यात डॉक्टरनं खरंच तपासायच्या गोष्टी लिहिल्या आहेत: चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, ऐकू नीट येतं का, रातांधळेपणा आहे का, हातापायांत काही अडचण आहे का. चष्मा लावून दिसत असेल तर चालतं. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही २०२० पासून लायसन मिळू शकतं.

शिक्षणाचं काय? पूर्वी परिवहन वाहनासाठी आठवी पासची अट होती. हरियाणातल्या मेवात भागातल्या ड्रायव्हरांचा प्रश्न त्या राज्याच्या सरकारनं केंद्राकडे नेला आणि २०१९ मध्ये ती अट निघाली. तरी अजून एजंट "आठवीचा दाखला नाही? त्याचे वेगळे पडतील" म्हणून पैसे उकळतात. देऊ नका.

नमुना ५ आणि घाटाचा उतार

ट्रान्सपोर्टच्या लायसनसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. हा नमुना ५. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे त्यासाठी किमान तीस दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात किमान पंधरा तास प्रत्यक्ष गाडी चालवणं अपेक्षित आहे. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची वेगळी योजनाही आहे. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा, आणि तिथे पास झालेल्याला आरटीओत पुन्हा चालवून दाखवावं लागत नाही.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात नमुना ५ विकत मिळतो, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाला एका स्कूलनं फक्त सही करायला बोलावलं, गाडीत बसवलंच नाही. वडील खुश, पोराचे तीस दिवस वाचले म्हणून. मला त्या दिवशी राग आला आणि अजून येतो, कारण त्या पंधरा तासांत जे शिकायचं असतं ते नंतर फार महाग पडतं.

आमच्याकडे पोरं शिकतात ती क्लीनर म्हणून. रात्री रस्ता मोकळा झाला की उस्ताद म्हणतो, "घे जरा." कायद्यानं तो गुन्हा आहे. पण मी उस्तादांना कमी लेखणार नाही. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाजावरून हवा ओळखणं, दोरी कशी बांधायची, माल कुठे जड बसवायचा, हे त्यांच्याइतकं कुणी शिकवत नाही. अडचण अशी की उस्तादाची चुकीची सवयही चेल्याकडे जशीच्या तशी येते, आणि त्यांतली सगळ्यात वाईट सवय म्हणजे उतारावर न्यूट्रल.

सांगली-सातारा करत पुण्याकडे जाणाऱ्याला तो उतार माहीत आहे. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता नवले पुलापर्यंत खालीच जातो. गाडी भरलेली असते, डिझेल वाचवायचं म्हणून काही जण न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. आता आत काय होतं ते बघा. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा टाकीत भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे हवा भरणं बंद, आणि ब्रेक दाबाल तसतशी टाकीतली हवा कमी होत जाते. स्टिअरिंगही जड होतं. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं तरी गिअरमुळे गाडीला मिळणारी ओढ सुटते, मग सगळा भार एकट्या ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनरची पकड जाते, पेडल दाबून पाय दुखतो तरी गाडी थांबत नाही. ड्रायव्हर खाली उतरून सांगतो, "ब्रेक फेल झाला." ब्रेक कित्येकदा चांगलाच असतो, त्याला आपणच निकामी केलेलं असतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकनं डझनावारी गाड्यांना ठोकरलं, तेव्हा प्राथमिक तपासात उतारावर इंजिन बंद केल्याचीच गोष्ट पुढे आली होती.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. लायसनच्या परीक्षेत उमेदवारानं काय करून दाखवायचं याची यादी केंद्रीय नियमांत आहे, आणि तिच्यात उतारावर पटकन खालचा गिअर टाकता येणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा उचलणं, हेही आहे. म्हणजे घाटातली शहाणीव नियमात आधीपासून आहे. नमुना ५ विकत घेतला की नेमकी तीच सुटते.

तारीख संपली की

आता पुन्हा कार्डाकडे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ट्रान्सपोर्टची मुदत तीन वर्षं होती, आता पाच आहे. जुन्या लोकांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट पक्की बसली आहे, की मुदत संपल्यावर एक महिना चालतं. ती सवलत त्याच दुरुस्तीनं गेली. तारीख संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बिनलायसन.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. संपल्यावरही एक वर्षाच्या आत केला तर परीक्षा द्यावी लागत नाही, पण मधल्या काळातलं चालवणं त्यानं वैध होत नाही, लायसन नूतनीकरणाच्या तारखेपासूनच पुढे चालू होतं. एक वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा. दर वेळी डॉक्टरचा नमुना १-अ लागतोच. लायसनची मूळ प्रत गाडीत ठेवायची सक्ती नाही, डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधलं लायसन ग्राह्य धरलं जातं. मी तर सांगतो, मूळ कार्ड घरीच ठेवा.

तारीख जिवंत असूनही लायसन हातातून जाऊ शकतं. ओव्हरलोड, मालवाहू गाडीत माणसं बसवणं, दारू, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल, अतिवेग, यांसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करावं असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये राज्यांना दिले. फेरीवर पोट असणाऱ्याला तीन महिने म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारा. लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा ऊसतोडीच्या टोळीसाठी "हौद्यात बसू दे की" म्हणणाऱ्यांनीही ड्रायव्हरला त्या अडचणीत घालू नये.

टँकरवर जाणाऱ्यांसाठी

आमच्या भागात साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्या, आणि तिथून निघणारे इथेनॉलचे टँकर. पगार बरा, म्हणून पोरांची ओढ तिकडे. इथेनॉल पेट घेणारं द्रव्य आहे, म्हणजे हा धोकादायक माल. त्यासाठी ट्रान्सपोर्टच्या लायसनवर वेगळी नोंद लागते, आणि त्या नोंदीसाठी तीन दिवसांचा कोर्स. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा, आपली मराठी त्यात आहेच, आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हव्यात. आठवीची अट गेली तरी ही राहिली, आणि ती योग्यच आहे. टँकरवर तीन ठिकाणी जे फलक असतात त्यांवर माल कोणता, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक कोणता हे लिहिलेलं असतं. इथेनॉलचा ११७०, पेट्रोलचा १२०३, एलपीजीचा १०७५. टँकर उलटला तर अग्निशमन दल आधी तो आकडा शोधतं, आणि त्या वेळी ड्रायव्हरला तो वाचून सांगता आला पाहिजे. या लायसनची मुदत पाच नाही, तीन वर्षं. नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो.

आमच्या ऑफिसात आता एक वही आहे. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, टीआरची तारीख, आणि टँकरवाल्यांसाठी धोकादायक मालाच्या नोंदीची तारीख वेगळ्या रकान्यात. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती उघडतो आणि पुढच्या तीन महिन्यांत ज्यांची मुदत संपतेय त्यांना फोन लावतो. हळदीची फेरी चुकलेल्या पोरानं त्याच आठवड्यात डॉक्टर गाठला आणि अर्ज भरला. वर्ष उलटलं नव्हतं, म्हणून परीक्षा वाचली. वहीत त्याच्या नावापुढे आता २०३० आहे.